थकल्या हाताला शिकवणी नाही

माझ्या संगीतशिक्षणातली पहिली परीक्षा एका कोंबडीनं घेतली आणि तिनं मला नापास केलं.

मी मॅट्रिक पास होतो. जंगलखात्यात नाकेदार होतो. खाकी कपडे, कमरेला पट्टा, खिशात शिट्टी असा सगळा जामानिमा होता. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, धानोऱ्याच्या अलीकडे एका खेड्यात माझा मुक्काम होता आणि तिथली म्हातारी माणसंसुद्धा मला बघून उठून रामराम घालत. अशा माणसाचा हात त्या तांबड्या कोंबडीनं दोन श्वास सहन केला, मान तिरकी करून एकवार माझ्याकडे पाहिलं आणि खाली उडी मारून ती कुडाच्या बाजूला चालती झाली.

"नापास," मास्तर म्हणाले. "जा, त्या खाटेवर पड."

ते पेटीचे मास्तर. शाळेत त्यांनी आयुष्यात कधी पाऊल टाकलं असेल तर ते पावसातून आडोशाला म्हणून. पण गावच्या नाटक मंडळात ते वर्षानुवर्षं पेटी वाजवत आले होते, म्हणून ते मास्तर. अंगानं उंच आणि वाळलेले. धोतरावर कायम एक लाल कोट. तो एका जुन्या नाटकातल्या सेनापतीचा होता. नाटक पडलं, सेनापती गाव सोडून गेला, कोट मास्तरांच्या अंगावर राहिला. त्याच्या खांद्यावरच्या सोनेरी झिरमिळ्या निम्म्या गळल्या होत्या. त्या कोटात ते शेतात जात, लग्नाला जात, आणि त्या कोटातच झोपत.

झोपणं हे त्यांचं मुख्य काम होतं. आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की "जेवला का?" विचारतो. मास्तर विचारत, "झोपला का?" ते भजनात झोपत, पंगतीत झोपत. एकदा बैलगाडीत झोपले ते गाडीवानाच्या लक्षातच राहिलं नाही, आणि जागे झाले तेव्हा दुसऱ्याच गावात कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवासमोर होते. तिथं लोकांनी लाल कोट बघून त्यांना बँडवाला समजून चहा दिला. तो त्यांनी घेतला.

कोंबडीचं शास्त्र त्यांनी स्वतः काढलेलं. दिवेलागणीला कोंबड्या रात्रीच्या बसण्याची जागा शोधतात. फांदी हलती असली तर त्या बसत नाहीत. मास्तरांची शिकवणी नेमकी त्याच वेळेला सुरू होई. शिष्यानं हात आडवा धरायचा, मास्तर त्यावर कोंबडी ठेवणार. ती पंख मिटून बसली तर हात ताजा, पेटी उघडायची. ती उतरली तर त्या दिवशी पेटीला बोट लावायचं नाही.

"हाताचं कापनं डोळ्याले नाई दिसत गा," ते म्हणत. "कोंबडीच्या पायाले समजते."

"पण मास्तर, मी थकलेलो नाही."

"तुले कोन इचारलं? मी हाताले इचारलं."

आता माझ्या हाताची बाजू सांगतो. तोडलेल्या झाडांच्या ओंडक्यांवर खात्याचा शिक्का मारायचा असे. त्यासाठी लोखंडी हातोडा मिळे, त्याच्या तोंडावरच शिक्क्याची अक्षरं कोरलेली. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना ठोक, पुढं सरक, ठोक. संध्याकाळपर्यंत माझा उजवा हात खांद्याला नुसता अडकवून ठेवलेला असे. दुसऱ्या कोणाचा तरी हात सांभाळायला दिल्यासारखा मी तो घरी घेऊन येई.

आणि त्या हातानं मला पेटीवादक व्हायचं होतं. कारण सांगायला आता लाज नाही. हिवाळ्यात धान घरात आलं की आमच्या भागात गावोगाव बैलांच्या शर्यती, म्हणजे पट भरतात, आणि पट तिथं नाटक. नटाला आत-बाहेर करावं लागतं. पेटीवाला मात्र रात्रभर स्टेजवर अगदी पुढं, गॅसबत्तीच्या भर उजेडात बसलेला असतो. सगळा गाव त्याला सूर्य उगवेपर्यंत बघतो. मला तेवढंच हवं होतं. संगीत त्यासोबत यायचंच असेल तर माझी हरकत नव्हती.

मास्तरांच्या ओसरीवर शिष्य पुष्कळ असत, पण बहुतेक आडवे. दिवसभर नांगर धरलेले, मोळ्या वाहिलेले, सगळेच कोंबडीनं नापास केलेले. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस एकदा गावात आला. कुडाबाहेर सायकल थांबवून त्यानं ओसरीकडे पाहिलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कशाची साथ आहे?"

"पेटीची," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. संसार त्यांनी ओढला, आणि ओढताना त्या बोलत राहिल्या. मी शिकलेला म्हणून तक्रार माझ्याकडे येई.

"नाकेदार, तुमीच सांगा ह्यायले. धानाच्या रोवन्याले चाला म्हटलं तं म्हन्तेत, थकल्या हातानं रोवलं का हात वाकडं रोवाले शिकते. मी म्हटलं, मंग सकाळी चाला, ताज्या हातानं. तं म्हन्तेत, ताजा हात पेटीसाठी ठेवला हाये!"

मास्तर डोळे मिटूनच म्हणत, "बरोबर सांगून राह्यली."

एकदा एका शिष्याचा बाप कुऱ्हाड खांद्यावर घेऊन तावातावानं आला. "मास्तरभाऊ, पोट्टा वाजवाले धाडला का झोपाले? झोपाले तं घरी बी जागा हाये."

"घरी तू त्याले काम सांगतं," मास्तर म्हणाले.  बाप कुऱ्हाड उतरवून ओसरीच्या कडेला टेकला आणि थोड्याच वेळात तोही घोरत होता.

गाव म्हणे, म्हातारा आळशी आहे आणि आळसाला त्यानं कोट घातलाय. मलाही तेच वाटे. पण त्यांचं म्हणणं एकदा नीट ऐकून घेतलं होतं. ते म्हणाले, "लोकायले वाटते थकला हात शिकत नाई. कोन सांगतलं? लई चांगला शिकते! पन चूक शिकते. अन् एकदा शिकला का मंग तू आठ दिवस झोप, नाई तं महिनाभर लोळ. हाताचा थकवा जाते, चूक जात नाई. चूक कधी थकतच नाई ना गा."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, मी मॅट्रिक पास आहे.

कोंबडीनं नापास केल्याचा राग घेऊन मी मूल गावच्या बाजारातून एक जुनी पेटी आणली. रोज ओसरीवरच्या खाटेवर शिस्तीत पडायचं, मास्तरांची नजर नव्हे तर झोप चुकवून उठायचं, आणि खोलीवर येऊन बोटं गळेपर्यंत वाजवायचं. मेहनतीवर माझा फार विश्वास होता. विशेषतः लोकांना दिसणाऱ्या मेहनतीवर. वाजवून झालं की कोमट पाण्याचं घमेलं मी मुद्दाम दारात ठेवी आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर त्यात बोटं बुडवून बसे.

"काय झालं नाकेदार साहेब?"

"काही नाही. रियाज."

"लई मेहनती मानूस बाप्पा!" लोक म्हणत. आणि ते ऐकून मी थोडं आणखी वाजवी.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला मंडळाचे अध्यक्ष मास्तरांच्या ओसरीवर आले. ते धानाचे व्यापारी. कडक इस्त्रीची टोपी, बोलणं त्याहून कडक. आदल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं. मास्तरांची बोटं अजून पाण्यासारखी चालत, पण डाव्या हातानं भाता ओढवेना. शेवटच्या अंकात पेटीला वारा पुरला नाही. राजा रणांगणावर निघाला आणि पेटी अशी धापा टाकू लागली की पब्लिकमधून कोणी ओरडलं, "राजा, लढाई राहू दे, पयले पेटीले दवाखान्यात ने!"

"मास्तरभाऊ," अध्यक्ष म्हणाले, "या साली शेवटचा अंक ह्या नाकेदारानं वाजवावा. तुमचाच शिष्य हाये. त्यानं निभावलं तं तुमची जागा कायम. नाई तं पुढच्या सालापासून आमी नागपूरचा पेटीवाला आनतो. राग मानू नोका."

मास्तरांनी राग मानला नाही. "बरं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर बाई दारातच थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "आज ह्यायचा डोळा लागला नाई." मी खाटेकडे पाहिलं. मास्तर पाठीवर पडून होते, लाल कोटाची बटणं लावलेली, आणि डोळे सताड उघडे. त्या माणसाच्या बाबतीत याहून वाईट बातमी असू शकत नव्हती.

शेवटच्या अंकात राजाचं एक गाणं होतं. प्रत्येक कडवं संपलं की पेटीवर एक जलद तान. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड फेकला की तो टप्पे घेत जातो, तशी. शेवटचे दोन टप्पे अनामिका आणि करंगळीचे. सुट्टीच्या दिवशी कोंबडी कशीबशी माझ्या हातावर टिके, आणि तेवढ्यात मास्तरांनी मला साधी गाणी शिकवली होती. ही तान मात्र त्यांनी थोडीशीच वाजवू दिली, मग झाकण लावलं आणि झाकणावर बसले. "बस झालं. आता झोप. जे शिकला ते झोपेत मुरू दे."

मी खोलीवर गेलो आणि मुरू दिलं नाही.

मास्तरांनी तानेची तालीम ठरवली, तिच्याआधी मी रजा काढली. चांगला आराम केला, दूध प्यालो, हाताला तेल लावलं. तालमीच्या संध्याकाळी कोंबडी माझ्या हातावर बसली, पंख मिटले आणि चक्क झोपली. मी मास्तरांकडे असं पाहिलं, जसं काही अंडंही मीच देणार होतो.

"पास," मास्तर म्हणाले आणि पेटी उघडली.

मी तान घेतली. दगड टप्पे घेत निघाला आणि शेवटी 'ठोक!' झालं. अनामिका उचललीच नाही, करंगळी तिच्या मागं दडली, आणि मधलं बोट दोघींच्या वतीनं धावून गेलं आणि पट्टीवर असं आदळलं की तांब्यातलं पाणी हललं. पुन्हा घेतली. ठोक. सावकाश वाजवली तर सगळं बरोबर. वेग दिला की त्याच जागी ठोक. मी तिथं सूर लावत नव्हतो, शिक्का मारत होतो.

"घरी वाजवलं?" मास्तरांनी विचारलं.

"मेहनत केली, मास्तर."

"कवा?"

"रोज. कामावरून आल्यावर. हात अगदी गळून जाईपर्यंत!" हे मी छाती पुढं काढून सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील.

मास्तरांनी लाल कोट काढला. मी त्यांना त्याआधी कधी बिनकोटाचं पाहिलं नव्हतं. आत अगदीच थोडा माणूस होता. कोटाची घडी करत ते म्हणाले, "तू चांगला शिकला, नाकेदार. मन लावून शिकला. जे नोको होतं तेच शिकला."

मग त्यांना एक युक्ती सुचली. डाव्या हातानं हातोडा धरला नव्हता, तो कोरा होता. भाता उजव्या हाताला दिला आणि काही दिवस डाव्या हाताला तान शिकवली, रोज थोडी, कोंबडीला विचारून. डावा हात शहाण्यासारखा शिकत होता. मग एक दिवस वेग दिला.

ठोक. त्याच जागी.

मास्तर खो खो हसले. इतके की बाई चुलीपासून उठून आल्या. "उजव्यानं डाव्याले सांगून ठेवलं!" ते डोळे पुसत म्हणाले. "चूक हातात नाई गा तुझ्या. डोस्क्यात जाऊन बसली." हसणं थांबलं तसं त्यांनी पेटीला झाकण लावलं. पट तोंडावर आला होता.

पटाच्या दिवशी दिवसभर बैल धावले, धूळ बसली, नाटकाची घंटा झाली. आणि पडदा उघडायच्या आधी मास्तरांनी मला पेटीपुढं ढकललं. "साधे गाने तुले येतेत. पयले अंक तू वाजव. शेवटचा मी पायतो." एवढं सांगून ते स्टेजमागच्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरले आणि झोपले. अध्यक्षांना कळलं तेव्हा त्यांची टोपी पहिल्यांदा वाकडी झालेली मी पाहिली. "पेटीवाला झोपला? नाटक चालू अन् पेटीवाला झोपला?" पण तोवर राजा स्टेजवर होता.

मी वाजवलं. साधं वाजवलं, बरं वाजवलं. गॅसबत्तीच्या उजेडात सगळा गाव मला बघत होता, निदान मी तसं धरून चाललो. पहाट झाली तसा राजाचा घसा बसला, प्रधान उभ्या उभ्या डुलू लागला, राणीची दाढी वाढलेली दिसू लागली. शेवटच्या अंकाआधी पडदा पडलेला असताना मास्तर तणसीतून उठून आले. केसांत काड्या, डोळे मात्र धुतल्यासारखे. साऱ्या मंडळात तेवढा एकच माणूस ताजा होता. त्यांनी मला बाजूला सारलं, उजव्या हातानं पट्ट्यांवरून तान अलगद फिरवून पाहिली आणि डाव्या हातानं भाता ओढला.

पेटीनं एक सुस्कारा टाकला. थंडीनं त्यांचा खांदा धरला होता. पुन्हा ओढला. पुन्हा सुस्कारा.

पडद्यापलीकडं पब्लिक शिट्ट्या मारू लागलं. अध्यक्ष विंगेत येऊन उभे राहिले. बाई किटलीतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किटली ठेवली.

"एकाचे बोटं ताजे, दुसऱ्याचा दंड बैलासारखा. वारा ह्याले मारू द्या ना. दोघं मिळून एक मानूस तं होईन!"

मास्तर ताठ झाले. "दुसऱ्याच्या वाऱ्यावर वाजवाले मी का लोहार हाये?"

आमच्याकडे तो खरंच कमीपणा होता. आपला भाता आपणच ओढायचा. दुसऱ्यानं ओढला तर पेटीवाल्याला पांगळा म्हणत. आणि माझ्या बाजूनं विचाराल, तर भाता मारणाऱ्याला पब्लिककडे पाठ करून बसावं लागतं. म्हणजे ज्या उजेडासाठी मी हे सगळं केलं, त्यात माझी फक्त पाठ दिसणार होती.

"लोहार नाई," बाई म्हणाल्या. "पुढच्या सालापासून तुमी कोनीच नाई."

पडद्याची दोरी ओढली गेली. मास्तरांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. "बस समोर."

मी पब्लिककडे पाठ करून बसलो आणि भाता धरला. हातोड्यानं कमावलेला दंड! पेटी अशी हुंकारली की झोपलेला प्रधान दचकून "आज्ञा महाराज" म्हणाला. राजानं बसल्या घशानं पहिलं कडवं म्हटलं. मास्तरांची तान निघाली, टप्पे घेत, आणि नेमकी त्या जागी आली तेव्हा भात्यावरचा माझा हात अडखळला. बोटं माझी नव्हती, पट्ट्यांशी माझा संबंध नव्हता, तरी माझ्या हातानं तिथं इमानेइतबारे शिक्का मारला. वाऱ्यानं उचकी दिली. तान लंगडली. विंगेतून अध्यक्षांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

 दुसरं कडवं झालं. तान निघाली. त्या जागेच्या किंचित आधी, पेटीच्या आडून, त्यांनी माझ्या गुडघ्यावर सणसणीत लाथ मारली.

मी एवढा चकित झालो की चूक करायची राहून गेली. तान झुळझुळत पार निघून गेली, दोन्ही टप्पे, अनामिका, करंगळी, सगळं. पब्लिक उसळलं. "वन्समोर!" राजानं पुन्हा कडवं घेतलं. मला पुन्हा लाथ बसली. पुन्हा वन्समोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं ते बाजूनं पाहून शेजारणीला सांगितलं म्हणे, नाकेदार गान्यात पार बुडला.

सूर्य वर आला तरी लोक उठेनात. पडदा पडल्यावर अध्यक्ष टोपी सरळ करत आले. "मास्तरभाऊ, आनखी एकदा होऊ द्या. लोक आयकून नाई राह्यले."

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. "आता नाई. पाय थकला."

"पाय? पेटीले पाय कुठी लागते?"

"थकल्या पायानं मारली तं पाय चुकीची लाथ शिकन. मंग पुढच्या साली काय करू?"

अध्यक्षांनी मास्तरांच्या पायाकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, तो मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. त्यांचा व्यापाऱ्याचा चेहरा थोडा वेळ हिशेब करत राहिला.

"बरोबर हाये," ते शेवटी म्हणाले. "ठेवा मंग पुढच्या सालासाठी. अन् नाकेदार, तुमी बी आपला गुडघा सांभाळून आना."